हॅमिंग आणि आजोबांच्या ३०० कॅसेट

हॅमिंग कोड म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना ओरलच्या आधीची रात्र आठवते. सात बिट, त्यातली तीन पॅरिटीची, पहाटे चारला पाठ केलेलं कोष्टक आणि एक्स्टर्नलसमोर बसल्यावर नेमका पडलेला विसर. मीही त्यातलाच. सेकंड इयरला हा प्रश्न दहापैकी सात मार्कांवर सोडवला आणि मोकळा झालो. हॅमिंग नावाचा माणूस होता की ते एखाद्या गावाचं नाव आहे, याची चौकशीसुद्धा केली नाही. ती करायची पाळी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आली, तीही घरी, मिरजेला, आजोबांच्या कॅसेटमुळे.

आजोबा पेटी वाजवायचे. नावाजलेले कलाकार वगैरे नव्हते. गावातल्या बैठकींना, भजनांना साथ करायचे आणि कुणीतरी टेपरेकॉर्डर लावून ठेवायचं. तंबोऱ्यांचं गाव ते, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं, त्यामुळे रेकॉर्डिंग करणाऱ्यांची वाण कधी नव्हती. अशा साधारण ३०० कॅसेट माळ्यावर होत्या. आजोबा गेल्यावर बाबांनी दोन वर्षं खपून त्या एकेक करून लॅपटॉपवर उतरवल्या. बऱ्याच टेपना बुरशी आली होती. काही तर त्या शेवटच्याच वाजल्या, नंतर तुटल्या. सगळ्या फाइल एका एक्स्टर्नल डिस्कवर ठेवल्या आणि जूनमध्ये होस्टेलला येताना मी त्यांची एक कॉपी माझ्या लॅपटॉपवर घेऊन आलो.

दिवाळीत बाबांनी काम सांगितलं. घरातल्या वाय-फायवर एक स्वस्तातली स्टोरेजची पेटी बसवायची, म्हणजे आजीला स्वयंपाकघरात मोबाइलवरून आणि बाबांना हॉलमधल्या जुन्या ॲम्प्लिफायरवर हवं ते लावता येईल. बजेट २०,००० रुपये, त्याच्यावर एक रुपया मिळणार नाही. मी खूश. नवीन जागी टाकण्याआधी म्हणून बाबांची डिस्क आणि माझा लॅपटॉप यांच्यातल्या फाइल सहज ताडून पाहिल्या, तर ११ फाइल जुळेनात! नाव तेच, साइज तीच, आत काहीतरी वेगळं. डिस्क बिघडली, केबल खराब होती की माझ्या लॅपटॉपच्या रॅमचा घोळ होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. डिस्कनं किंवा लॅपटॉपनं एका अक्षराने तक्रार केली नव्हती.

बाबा म्हणाले की त्यात काय, जी बरोबर असेल ती ठेव. इथेच अडलं. हेडफोन लावून दोन्ही ऐकल्या. एकीत बाराव्या मिनिटाला कट्ट असा आवाज, दुसरीत नाही. पण मूळ टेपमध्येच तो आवाज असला तर? दुसरीत तिसऱ्याच ठिकाणी काहीतरी खरखरत होतं. मूळ कॅसेट वाजण्याच्या स्थितीत नव्हती. चूक आहे एवढं समजत होतं, कुठे आहे ते समजत नव्हतं. रात्री अडीच वाजता डोक्यात आलं की हे वाक्य आपण कुठेतरी लिहिलंय. सेकंड इयरच्या पेपरात, सात मार्कांना!

सुट्टीवरून आल्यावर लायब्ररीत जाऊन या बाबाचा शोध घेतला. जे सापडलं ते सिलॅबसमध्ये असायला हवं होतं.

रिचर्ड वेस्ली हॅमिंग ११ फेब्रुवारी १९१५ ला शिकागोत जन्मला. त्याला इंजिनिअर व्हायचं होतं. (मित्रांनो, ऐका.) पण ते मंदीचे दिवस होते, हातात पैसा नव्हता आणि स्कॉलरशिप मिळाली ती एकट्या शिकागो विद्यापीठाची. तिथे इंजिनिअरिंगच नव्हतं! मग नाइलाजाने गणित घेतलं. १९३७ ला बी.एस., १९३९ ला नेब्रास्कातून एम.ए., १९४२ ला इलिनॉयमधून पीएच.डी., विषय डिफरन्शियल इक्वेशन्स. पुढे स्वतःच सांगायचा की इंजिनिअर झालो असतो तर कुठेतरी मॅनहोलमध्ये उतरत बसलो असतो, गणितामुळे संशोधनात आलो. आपल्याकडे ब्रँच बदलून न मिळाल्याने पहिलं वर्षभर सुतकात बसणारे काही जण मला माहीत आहेत. त्यांनी हे कापून भिंतीला लावायला हरकत नाही.

एप्रिल १९४५ मध्ये तो लॉस अलामॉसला गेला. अणुबॉम्बचं काम तिथे चाललं होतं. त्याची बायको वांडा महिनाभराने आली आणि तीही तिथे आकडेमोडीच्या कामाला लागली. हॅमिंगचं काम काय, तर फिजिसिस्ट लोक समीकरणं देणार आणि याने आयबीएमच्या गणनयंत्रांवर ती सोडवून घ्यायची, यंत्रं चालू ठेवायची. थोडक्यात मोठ्या लोकांच्या लॅबमधला लॅब असिस्टंट. तो स्वतःला त्या यंत्रांचा झाडूवालाच म्हणवून घ्यायचा. फेर्मी, बेथे, फाइनमन अशी माणसं रोज समोर दिसत होती. त्यांचा हेवा वाटायचा हे त्याने कधी लपवलं नाही. हे आणि आपण, यांच्यात फरक नेमका कशाचा, हा प्रश्न तिथे त्याच्या डोक्यात शिरला आणि मरेपर्यंत निघाला नाही.

तिथला एक किस्सा त्याने नंतर सांगितलाय. पहिल्या चाचणीच्या, म्हणजे १६ जुलै १९४५ च्या, थोडं आधी एक जण काही आकडेमोड तपासायला घेऊन आला. हॅमिंगने सहज विचारलं की हे आहे काय. तर ते होतं बॉम्बमुळे पृथ्वीचं अख्खं वातावरण पेट घेण्याची शक्यता किती, याचं गणित. मग मात्र कुणा ज्युनिअरच्या गळ्यात न घालता त्याने ते स्वतः तपासलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं की बेरीज-गुणाकार बरोबर आहेत, पण सूत्रांबद्दल मी हमी देणार नाही. समोरच्याने सांगितलं की तपासायची होती ती आकडेमोड, फिजिक्स नाही, आणि निघून गेला. यावर हॅमिंग अस्वस्थ होता. एका मित्राने त्याची समजूत घातली की चुकलं तरी दोष द्यायला कुणी उरणार नाही. मला वाटतं, न पकडलेल्या चुकीची धास्ती त्याला इथूनच लागली असावी. हा माझा तर्क आहे, पुस्तकात तसं लिहिलेलं नाही.

१९४६ मध्ये तो बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाला. काही काळ तो आणि क्लॉड शॅनन एकाच खोलीत बसत. इकडच्या टेबलावर कोडिंग थिअरी, तिकडच्या टेबलावर इन्फर्मेशन थिअरी! आमच्या होस्टेलच्या खोलीत एका टेबलावर मॅगी आणि दुसऱ्यावर ओले कपडे असतात.

तिथे रिलेंवर चालणारा एक कॉम्प्युटर होता, मॉडेल फाइव्ह नावाचा. हजारो रिले टकटक करत, कागदी पट्टीवरची भोकं वाचत गणितं सोडवणार. बनवणारे शहाणे होते. भोकांची किंवा रिलेंची संख्या ठरावीक नियमात बसली नाही तर यंत्राला कळायचं की चूक झालीय. दिवसा ते थांबायचं, दिवे लागायचे, ऑपरेटर येऊन दुरुस्त करायचा. शनिवार-रविवारी ऑपरेटर नसायचे. तेव्हा चूक सापडली की यंत्र ते काम टाकून द्यायचं आणि रांगेतलं पुढचं घ्यायचं. हॅमिंग नवखा, त्यामुळे त्याच्या वाट्याला वीकएंडच आलेला. १९४७ मध्ये एका सोमवारी तो निकाल घ्यायला आला तर काम अर्ध्यात टाकलेलं. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. सलग दोन वीकएंड वाया! प्रिंटआउट काढायच्या दिवशी लॅबचा सर्व्हर बंद पडलेल्या प्रत्येकाला त्याचा चेहरा डोळ्यासमोर येईल. फरक इतकाच की आपण लॅब असिस्टंटला शिव्या घालून कँटीनला जातो. हा चिडून विचार करत बसला की यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये? जागा कळली की काम संपलंच. बिट शून्य असेल तर एक करायचा, एक असेल तर शून्य.

मरे हिलहून न्यूयॉर्कला गाडीतून जाता-येता त्याने हे डोक्यात घोळवलं. पहिली कल्पना सोपी होती. बिट चौकटीत मांडायचे, प्रत्येक ओळीला एक पॅरिटी, प्रत्येक स्तंभाला एक. चुकलेली ओळ आणि चुकलेला स्तंभ जिथे छेदतात तिथे चोर. पण यात जादा बिट फार खर्च होतात. ते कमी करत करत तो शेवटी आपल्या त्या सातांवर आला. चार बिट माहितीचे, तीन तपासणीचे. पहिला, दुसरा आणि चौथा हे तपासणीचे. प्रत्येकाच्या ताब्यात ठरावीक जागा, आणि त्या एकमेकींत अशा गुंतवलेल्या की तीन तपासण्यांची हो-नाही उत्तरं एकापुढे एक लिहिली की जो बायनरी आकडा बनतो, तोच चुकलेल्या बिटाचा नंबर! शून्य आलं तर सगळं ठीक. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पण उत्तरच पत्ता सांगतं हे लायब्ररीत बसून पहिल्यांदा कळलं. एकटाच हसलो, शेजारच्याने बघितलं.

हे छापून यायला मात्र १९५० चा एप्रिल उजाडला, कारण कंपनीला आधी पेटंट हवं होतं. गणिताचं कसलं पेटंट, असं हॅमिंगला वाटायचं, पण वकिलांनी मिळवलं. दरम्यान शॅननने १९४८ च्या आपल्या लेखात हॅमिंगच्या कोडचा उल्लेख केला, तो मार्सेल गोले याने वाचला आणि पुढचं काम करून १९४९ ला छापूनही टाकलं. म्हणजे मूळ लेखाआधी त्याचा पुढचा भाग आला. आधी कुणाचं, यावर लोक बरीच वर्षं वाद घालत बसले.

आता माझ्या ११ फाइल. त्याच लेखात हॅमिंगने दोन कोडमधलं अंतर मोजायची पद्धत दिली, तिलाच आपण हॅमिंग डिस्टन्स म्हणतो. एकच बिट दोनदा लिहिला तर ००  आणि ११ यांच्यात अंतर दोन. मधे ०१ आलं तर चूक कळते, पण मूळ काय होतं ते सांगता येत नाही, दोघांपासून सारखंच लांब. तीनदा लिहिला तर अंतर तीन, आणि ००१ आलं तर बहुमताने ०००. माझ्याकडे दोन कॉपी होत्या. दोनात दुरुस्ती होत नाही हे १९५० पासून छापील आहे. मी उगाच रात्रभर हेडफोन लावून बसलो होतो.

मग तिसरी कॉपी शोधणं आलं. आत्याला फोन केला, ती नाशिकला असते. बाबांनी कधीतरी तिला आजोबांच्या आवडत्या बैठकी पेन ड्राइव्हवर दिल्या होत्या. ११ पैकी ८ फाइल त्यात निघाल्या. बाइट बाय बाइट ताडल्या. पाच ठिकाणी बाबांची डिस्क बरोबर, तीन ठिकाणी माझा लॅपटॉप. त्या कट्ट आवाजाची फाइल यात होती आणि आवाज टेपमधलाच निघाला! मी तीच कॉपी खराब समजून उडवणार होतो. उरलेल्या तीन फाइलींच्या दोन्ही प्रती तशाच ठेवल्या आहेत.

पेटी निवडताना हे सगळं कामी आलं. दुकानदार आणि आमच्या विंगमधले तज्ज्ञ दोघंही स्पीड आणि टेराबाइट सांगत होते. हिशोब करून पाहिला. सीडीच्या दर्जाचं, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ संगीत सेकंदाला १.४ मेगाबिट घेतं. साधं १०० मेगाबिटचं नेटवर्क त्याला रग्गड. तासाला ६३५ एमबी, ३०० तासांचे १९० जीबी, आणि फ्लॅकमध्ये दाबले तर साधारण निम्म्या-पाऊण जागेत बसतात, काहीही न गमावता. शिवाय फ्लॅक फाइलच्या आतच मूळ आवाजाचा चेकसम असतो, बाबांच्या वेव्ह फाइलींमध्ये तो नव्हता. कॅसेटच्या आवाजाला याहून वरचा दर्जा लावणं म्हणजे पोह्यांवर सोन्याचा वर्ख. तेव्हा एक टेराबाइटच्या डिस्क पुरेशा होत्या आणि वाचलेल्या पैशात दोनऐवजी तीन घेता येणार होत्या.

दोन डिस्कचं मिररिंग सगळ्याच पेट्या देतात. एक डिस्क पूर्ण मेली तर ते उत्तम चालतं, कारण मेलेली डिस्क स्वतःहून कळते. पण डिस्क गुपचूप चुकीचं वाचून देत असेल तर साध्या मिररला कोण खरं ते कळत नाही. पुन्हा अंतर दोन! म्हणून मी एकच अट धरली. फाइल सिस्टिमने प्रत्येक ब्लॉकचा चेकसम वेगळा ठेवला पाहिजे, म्हणजे तिसरा साक्षीदार मिळतो आणि खराब प्रत चांगल्या प्रतीवरून आपोआप दुरुस्त होते. झेडएफएस आणि बीटीआरएफएस हे करतात. बजेटमधल्या ज्या एक-दोन तयार पेट्या पाहिल्या त्यांत हे नव्हतं. रास्पबेरी पायचा मोह झाला, विजेला स्वस्त पडतो, पण दोन यूएसबी डिस्क, त्यांचा वेगळा पॉवर सप्लाय आणि वायरींचं जंजाळ मला नको होतं. केबलवरचा विश्वास तोवर उडाला होता. बाबांच्या ऑफिसातला जुना मोठा डेस्कटॉप फुकट मिळत होता, पण तो ६० वॉट खाणारा. चोवीस तास चालवला तर महिन्याला ४३ युनिट, फुकट कसला! शेवटी पुण्यात वापरलेला एक छोटा ऑफिस डेस्कटॉप घेतला. त्यात दोन डिस्क आत बसतात आणि नुसता चालू असताना तो त्या मोठ्याच्या निम्म्याहून कमी वीज घेतो. लिनक्स, झेडएफएस मिरर, वर म्युझिक सर्व्हर. तिसरी डिस्क नाशिकला आत्याकडे, दिवाळीत आणि मे महिन्यात अद्ययावत करायची. मिरर हा बॅकअप नव्हे. कुणी चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून सारख्याच तत्परतेने उडतं. एका गोष्टीत मात्र तडजोड केली. सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते, तिच्यात हॅमिंगच्याच कोडची सुधारित आवृत्ती एकेक बिट दुरुस्त करत बसलेली असते. ती बजेटात बसली नाही. त्याऐवजी दोन रात्री रॅमची टेस्ट लावून ठेवली.

हॅमिंगचं पुढचं आयुष्य यश आणि मानसन्मानाचं, ते भराभर सांगतो. १९५८ मध्ये एसीएमचा अध्यक्ष, १९६८ मध्ये ट्युरिंग पारितोषिक, न्यूमेरिकल मेथड्स आणि डिजिटल फिल्टर्सवरची पुस्तकं. डीएसपीच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण जी हॅमिंग विंडो लावतो तीही याच्याच नावाची. सीडीवर ओरखडा पडला तरी गाणं वाजतं ते रीड आणि सॉलोमन यांच्या १९६० च्या कोडमुळे, पण ती वाट याने पाडलेली.

मला जास्त आवडला तो त्याचा आगाऊपणा. बेल लॅबमध्ये जेवायला तो मुद्दाम केमिस्ट्रीवाल्यांच्या टेबलावर बसायचा. आधी विचारायचा की तुमच्या क्षेत्रातले महत्त्वाचे प्रश्न कोणते. काही दिवसांनी विचारायचा की तुम्ही कशावर काम करताय. आणि शेवटी, ते महत्त्वाचं नसेल तर करताय कशाला! त्या टेबलावर त्याला पुढे कुणी बोलावलं नाही. पण त्यांच्यातल्याच एकाने उन्हाळाभर त्या प्रश्नावर विचार केला आणि पुढे तो विभागप्रमुख झाला, असं हॅमिंग अभिमानाने सांगायचा. शुक्रवारी दुपारनंतर तो फक्त मोठ्या प्रश्नांबद्दल बोलायचा, किरकोळ कामं बंद. लॉस अलामॉसला पडलेला तो जुना प्रश्न, की थोर माणसं वेगळं काय करतात, त्यावर त्याने मार्च १९८६ मध्ये एक भाषण दिलं, ते आजही वाचलं जातं. त्यात स्वतःच्या चुकाही सांगितल्यात. भांडखोरपणात आपला किती वेळ गेला, हेसुद्धा.

१९७६ मध्ये त्याने बेल लॅब सोडली आणि मॉन्टेरेच्या नौदल विद्यालयात शिकवायला गेला. तिथे भडक चौकटीचं जॅकेट घालून वर्गात यायचा. म्हाताऱ्या शास्त्रज्ञांनी जागा अडवू नये, हे त्याचं मत होतं आणि स्वतःपुरतं त्याने ते पाळलं. डिसेंबर १९९७ मध्ये शेवटचा तास घेतला आणि ७ जानेवारी १९९८ ला वारला.

आमची पेटी राउटरशेजारी, देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे. आजीची जागेबद्दल तक्रार होती, आता नाही. रोज सकाळी ती आजोबांची एक बैठक लावते. महिन्यातून एकदा, शनिवारी रात्री, घरात सगळे झोपले असताना झेडएफएस दोन्ही डिस्कवरचा सगळा डेटा वाचून ताडून पाहतं. रविवारी सकाळी बाबा मला फोनवर आकडा सांगतात. आतापर्यंत चार वेळा शून्य, आणि गेल्या महिन्यात एक दुरुस्ती. कुठली फाइल होती ते बाबांनी विचारलं. मीही अजून पाहिलेलं नाही, मे महिन्यात घरी गेलो की बघू.